आजऱ्याची भाऊबीज आणि हेडाचं पॅकिंग

कोल्हापूरहून आजऱ्याला सर्व्हिस मोटार जाते, आणि शहाण्या माणसाने तिनेच जावं. पहाटे निघालं की दुपारच्या जेवणाला माणूस हिरण्यकेशीच्या काठी पोचतो. आम्हाला तीन दिवस लागले. ते कसे लागले हे वॉर्डातल्या प्रत्येक मुलीला वेगवेगळं सांगून माझा घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून काढते आहे. ज्यांनी तो रस्ता पाहिला नाही त्यांनाही तो थोडा दिसेल.

आधी आमच्याविषयी. मी नर्स आहे. अठराव्या वर्षी विधवा झाले. माझा थोरला भाऊ अण्णा आजऱ्याला शाळामास्तर. त्याने साऱ्या भाऊबंदांशी भांडण काढून मला मिरजेला नर्सिंग शिकायला पाठवलं. तेव्हापासून मी इतरांची बाळंतपणं करत आले. आणि यंदा श्रावणात, बेचाळिसाव्या वर्षी, मी पुन्हा लग्न केलं. नवरा हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. त्यांची पहिली पत्नी जाऊन दहा वर्षं झाली होती. इस्पितळात नर्सिंग शिकणाऱ्या आमच्या मुलींसाठी हाडांचे आणि हृदयाचे तक्ते हवे होते, ते काढायला हे तिथे यायचे. एकेका बरगडीसाठी तीनतीनदा खोडरबर चालवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी त्यांना ‘मास्तर’ म्हणायची, ते मला ‘बाई’. लग्नानंतरही ते तसंच चाललं होतं. या वयात नवं काही जिभेवर चढत नाही.

अण्णा लग्नाला आला नाही. कळवलं तेव्हा त्याचं चार ओळींचं पत्र आलं. ‘तू जाणती आहेस. तुला योग्य वाटेल ते कर. सुमनचं लग्न जमवायचं आहे एवढं ध्यानात ठेव.’ सुमन त्याची मुलगी. पत्रात मास्तरांचं नाव कुठेही नव्हतं. पुढे दिवाळी जवळ आल्यावर मीच लिहिलं की आम्ही दोघं भाऊबीजेला येतो. त्याला उत्तरच आलं नाही.

आमच्याकडे विधवेने ओवाळायचं नसतं. चोवीस वर्षांत भाऊबीजेला मी एकतर ड्यूटी मागून घेतली, नाहीतर अण्णाच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराआड बसून राहिले. बाहेर धाकटी बहीण त्याला ओवाळायची आणि मी आत करंज्या मोजायची. यंदा मला ओवाळता येणार होतं. त्याने बसायचं कबूल केलं तर.

गाडी मास्तरांनी लग्नानंतर घेतली. काळी, चौकोनी, लढाईच्या आधीची विलायती गाडी. तंबाखूच्या एका व्यापाऱ्याकडून. मला आडवेळी खेड्यापाड्यातून बोलावणी येतात, बैलगाडीने नाहीतर पायी जावं लागतं, हे त्यांना सोसवेना. ‘मी पोचवत जाईन,’ म्हणाले. व्यापारी म्हणाला होता, ‘थोडं पाणी पिते, बाकी तक्रार नाही.’

भाऊबीज

पाडव्याला माझी ड्यूटी होती, म्हणून भाऊबीजेच्या दिवशीच पहाटे निघालो. मागच्या सीटवर फराळाचे दोन डबे, अण्णाला धोतरजोडी, वहिनीला इरकल लुगडं आणि माझी औषधांची पेटी. उचगाव मागे पडलं तेव्हा उजाडत होतं. रस्त्याने दोन्ही बाजूंना ऊस, त्यावर धुकं, आणि सणाचे कपडे घालून बैलगाडीतून माहेरी निघालेल्या बायका. मास्तर ताठ बसून गाडी चालवत होते. नवं धोतर, नवी टोपी. मला त्यांच्याकडे बघून हसू येत होतं.

कागलला गाडी अर्धी बादली पाणी प्याली. निपाणीला पूर्ण बादली. ‘लांबचा पल्ला आहे,’ मास्तर म्हणाले. निपाणीच्या बाजारात चहा घेतला. तिथे हवेलासुद्धा तंबाखूचा वास येतो; चहालाही आला. तिथून आजऱ्याचा रस्ता सुटला की सपाटी संपते आणि माती तांबडी होत जाते. चढ लागला तशी गाडी अडखळायला लागली. मागे पाहिलं तर पांढऱ्याशुभ्र धुराचा लोट.

‘मास्तर, मागे बघा.’

‘सकाळची थंडी आहे, बाई. वाफ दिसायचीच.’

ऊन चांगलं वर आलं होतं. आणखी दोन वळणं चढली, मग आतून कुणीतरी दार ठोठावल्यासारखा आवाज झाला आणि गाडी उभी राहिली. बॉनेटमधून वाफ फुसफुसत होती.

‘निवू द्या,’ मी म्हटलं. पण उशीर होत होता, आणि तो माझा दिवस आहे हे त्यांना माहीत होतं. उपरणं हातावर गुंडाळून त्यांनी रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी फवाऱ्यासारखं उडालं. त्यांनी हात मागे घेतला, पण उजव्या हाताची मागची बाजू आणि दोन बोटं भाजली होती.

मी पेटी काढली. थंड पाणी आमच्याजवळ नव्हतं. सगळं गाडीने प्यालं होतं. तेवढ्यात बांधावरून एक शेतकरी पळत आला. डोक्याला गुलाबी पटका, हातात पाण्याची कळशी.

‘पावणं, भाजलं का काय वो? ह्ये घ्या, गार पाणी. विहिरीचं हाय.’

त्याचं नाव ज्ञानू. हातावर पाणी ओतताना मला वास आला. पाण्याचा नव्हे, मास्तरांच्या नव्या धोतराचा. धोतरावर पिवळे शिंतोडे उडाले होते. मी रेडिएटरखाली साचलेल्या डबक्यात बोट बुडवून हुंगलं.

‘मास्तर, ही हळद आहे.’

‘गंज असेल.’

‘चोवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जखमा हुंगते आहे. ही हळद आहे.’

ज्ञानूनेही बोट बुडवून चाटलं. ‘व्हय की वो! हळदच हाय. गाडीला कशापायी?’

कशापायी, ते दुसऱ्या दिवशी कळायचं होतं. पण कुणीतरी काहीतरी लपवून गाडी आपल्या गळ्यात मारली, एवढं मास्तरांना तेव्हाच कळलं. ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. मी मलमपट्टी करत होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. ‘तुमचा दिवस मी घालवला,’ एवढंच म्हणाले.

उत्तूर पुढे तीन मैलांवर होतं. तिथे एक मिस्त्री होता, शिवा नावाचा. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा. पण तोही भाऊबीजेला बहिणीच्या गावी गेला होता. ‘आज कोन घावनार, बाई? समदे भनीकडं,’ ज्ञानू म्हणाला. त्याने बैलांची जोडी आणली, दोर बांधला, आणि आमची विलायती गाडी बैलांमागून त्याच्या वस्तीवर निघाली. मास्तर आत बसून डाव्या हाताने स्टिअरिंग धरून होते. बैलांच्या गळ्यात दिवाळीच्या माळा होत्या.

गाडी गोठ्याच्या अंगणात लागत होती तेवढ्यात रस्त्यावर आजऱ्याची सर्व्हिस मोटार आली. ज्ञानू आडवा पळत गेला आणि त्याने ती थांबवली. आत माणसांवर माणसं, टपावर माणसं.

‘एक बाईमानूस घेतो, उभ्यानं,’ कंडक्टर ओरडला. ‘दोगं न्हाईत.’

‘तुम्ही जा,’ मास्तर म्हणाले. ‘दोन तासांत पोचाल. संध्याकाळी ओवाळायचं असतं. मी गाडी घेऊन मागून येतो.’

‘या हाताने?’

‘हाताचं काय एवढं! जा बाई. पुन्हा वर्षाने येणार हा दिवस.’

मी मोटारीच्या पायरीपर्यंत गेले. दांड्याला हातही लावला. आतल्या बायकांनी सरकून मला पाय ठेवायला जागा केली.

मी एकटी गेले असते तर अण्णाने मला घरात घेतलं असतं. पाय धुवायला पाणी दिलं असतं, कदाचित ओवाळूनही घेतलं असतं. मास्तरांचा विषय कुणी काढला नसता. मी गेली चोवीस वर्षं जशी येत होते तशीच आले, असं सगळ्यांनी धरलं असतं, आणि सगळ्यांची सोय झाली असती. हे मला त्या पायरीवर लख्ख दिसलं. मी दांडा सोडला.

‘चढायचं का न्हाई?’ कंडक्टर म्हणाला.

‘नाही.’

पेटीतल्या कागदावर दोन ओळी लिहिल्या, ‘गाडी बंद पडली, दोघं सुखरूप, दुरुस्त झाली की येतो,’ आणि अण्णाचं नाव घालून पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या हाती दिल्या. ते आजऱ्याचेच होते. त्यांनी चिठ्ठी टोपीत ठेवली. ती अजून पोचलेली नाही.

मोटार गेल्यावर मास्तरांनी विचारलं, ‘का नाही गेलात?’

‘पट्टी बदलायला लागेल,’ मी म्हटलं.

ज्ञानूची बायको अक्काताई. उंच, काळीसावळी, मोठ्या आवाजाची. तिने आम्हाला एक शब्द न विचारता दोन ताटं जास्त वाढली. बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या डाळीचं पिठलं, हिरव्या मिरचीचा खर्डा, आणि सणाची पुरणपोळी त्यावरच. आमच्याकडे गोडाचं पान वेगळं, तिखटाचं वेगळं. तिथे मास्तरांनी खर्ड्याचा घास आणि पुरणपोळीचा घास आलटून पालटून घेतला आणि ते डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, ‘हे आपल्याकडे का करत नाहीत?’ त्या दिवसात ते पहिल्यांदा हसले.

दिवेलागणीला अक्काताईचा भाऊ आला. पाट मांडला, ताट आलं, आणि माझं शरीर आपोआप मागे सरकलं, भिंतीपाशी, दाराच्या आड. चोवीस वर्षांची सवय. माझ्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि तरी मी सरकले.

ओवाळून झाल्यावर अक्काताईने ताट माझ्यापुढे धरलं. ‘तुम्हीबी ववाळा की. माझा भाऊ त्यो तुमचाबी भाऊच.’

मला खोटं बोलता येईना. मी तिला सांगितलं की मी विधवा होते, श्रावणात लग्न केलं, आणि भाऊ अजून बोललेला नाही. ती हातातलं ताट तसंच धरून ऐकत होती.

‘एवढंच व्हय?’ ती म्हणाली. ‘मला वाटलं, काय झालं आन काय न्हाई. आमच्यात पाट लावत्यात की. माझ्या चुलतीनं लावलावता. दोन ल्येकरं झाली तिला, आता नातवंडं हाईत. त्यात भावानं न बोलाय काय झालं?’

आमच्या गल्लीत ज्या गोष्टीवर दोन महिने खिडक्यांआडून बोलणं चाललं होतं, ती तिने पदराने ताटातला ओघळलेला थेंब पुसता पुसता निकालात काढली.

‘पण आज मी ओवाळणार नाही,’ मी म्हटलं. ‘पहिल्यांदा अण्णाला ओवाळीन. तो बसला तर.’

‘मग ऱ्हाऊ द्या,’ ती म्हणाली. ‘त्येच्यासाठीच ठेवा. बसतोय की. न बसून जातोय कुठं?’

दुसरा दिवस

शिवा मिस्त्री सकाळी सायकलवरून आला. कपाळावर बहिणीने लावलेला कुंकवाचा टिळा अजून तसाच. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, तेलाची पट्टी ओढून काढली आणि आमच्या पुढे धरली. तेल काळं असायला हवं होतं. ते घट्ट दुधाच्या चहासारखं झालं होतं.

‘तेलात पानी गेलंय. हेडाचं प्याकिंग जळलंय, मास्तर.’

मग त्याने मलाही समजावून सांगितलं, कारण मीच जास्त प्रश्न विचारत होते. इंजिनाच्या वर एक जड लोखंडी झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. खाली आगीच्या खोल्या, आणि त्यांच्या भोवतीने थंड करणारं पाणी खेळतं. झाकण आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक पातळ पॅकिंग असतं, तेच आग आगीच्या जागी आणि पाणी पाण्याच्या जागी ठेवतं. ते जळलं की पाणी आगीत जातं, वाफ होऊन मागून निघतं, आणि गाडी तापत राहते.

‘आणि हळद?’ मास्तरांनी विचारलं.

शिवा हसला. ‘रेडिएटर गळत आसंल. हळद घातली की बारीक भोक बुजतंय. पर मास्तर, हळदीनं भोक बुजतंय तशी पान्याची वाटबी बुजती. मग गाडी तापनार न्हाई तर काय हुनार? तुम्हाला इकली त्येनं शेराभर तरी घातली आसंल.’

मास्तर लालबुंद झाले. मी त्यांचा दुखरा नसलेला हात धरला. अंगणात, माणसांसमोर. सोडवून घेतला नाही त्यांनी.

हेडाचे नट गंजले होते. शिवा त्यांना रॉकेल पाजून, ठोकून, पुन्हा रॉकेल पाजून एकेक सोडवत होता. दुपार झाली तेव्हा त्याने आणि ज्ञानूने हेड उचललं. खालचं पॅकिंग दोन आगीच्या खोल्यांमधल्या जागी काळं होऊन फाटलं होतं. बोटभर लांबीची चीर. एवढ्यासाठी एवढं.

‘नवं कुठं मिळेल?’

‘ह्या गाडीचं? मुंबईत मिळालं तर. पंधरा दिवस तरी धरा.’ मग तो डोकं खाजवत म्हणाला, ‘निपानीत माझा एक तांबट हाय. घागरी, बंब करतोय. तांब्याचा पत्रा द्यायला व्हय म्हनंल. पर कापायचं कशावरनं? हे जुनं हातात धरलं तर तुकडं हुतंय. ह्येच्यात भोकं किती बघा. एक जरी हिकडं-तिकडं झालं तर पुन्यांदा तीच गत.’

मास्तर उठले, पॅकिंगपाशी उकिडवे बसले आणि ते निरखू लागले. चेहरा बदलला. बरगडी काढायच्या आधी तक्त्यासमोर जसे उभे राहायचे, तसा.

‘पॅकिंग नका बघू,’ ते म्हणाले. ‘लोखंडावरूनच घेऊ. कागद आहे का मोठा?’

कागद नव्हता. अक्काताईने लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा, पंचांग, पोराचं जुनं पाटीदप्तर असं सगळं उलथंपालथं केलं. शेवटी मी फराळाच्या डब्याला गुंडाळलेला जाड खाकी कागद सोडवला. तेलाचे डाग होते, पण मोठा होता. पेन्सिल मास्तरांच्या खिशात नेहमीच असते.

मी सकाळी पट्टी बदलताना अंगठा आणि पहिलं बोट मोकळं ठेवलं होतं. का ठेवलं ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. आता त्यांनी त्याच दोन बोटांत पेन्सिल धरली. हेड उलटं ठेवून त्यावर कागद ताणला आणि आधी अंगठ्याने कडा दाबून उठवल्या, मग रेघ. मोठी वर्तुळं, मग नटांची भोकं, मग पाण्याची बारीक लांबट छिद्रं. कुठे घाई नाही. कपाळावरचा घाम नाकापर्यंत येऊन थांबला होता, तो मी पदराने टिपला. ज्ञानू, शिवा, अक्काताई, सगळे उभे राहून बघत होते.

वाऱ्याने कागदाचा कोपरा उडाला.

‘इंदू, कोपरा धर,’ मास्तर म्हणाले.

मी धरला. त्यांनी मान वर केली नाही. आपण काय म्हणालो ते त्यांना कळलंही नव्हतं. माझं नाव इंदू आहे. आईवडील गेल्यावर मला त्या नावाने हाक मारणारा एक अण्णाच उरला होता. मी कोपरा धरून बसले, आणि पुढचा तासभर मला दुसरं काही ऐकू आलं नाही.

आकृती पुरी झाली तेव्हा शिवाने ती उजेडासमोर धरून एकेका भोकावर बोट टेकवलं, हेडाशी ताडून पाहिली, आणि म्हणाला, ‘मास्तर, तुमी आमच्या धंद्यात पायजे हुता.’ मग कागदाची गुंडाळी सदऱ्यात खुपसून सायकलवर टांग मारून तो निपाणीला गेला.

तिसरा दिवस

तांबटाने पहाटे दिवा लावून पत्रा कापला होता म्हणे. शिवा नऊच्या सुमारास परतला. तांब्याचं ते नवं पान कोवळ्या उन्हात इतकं सुंदर दिसत होतं की ते इंजिनात घालवायचं जिवावर यावं. अक्काताई म्हणाली, ‘ह्येचं ताट केलं आसतं तर!’

पण तांबं कडक होतं. ते मऊ केल्याशिवाय बसणार नव्हतं. घरामागे गोवऱ्यांचा जाळ पेटवला, भात्याने वारा घातला आणि पान चिमट्यांनी धरून लालभडक केलं, मग एकदम हौदात बुडवलं. चुर्रर्र करून वाफ उठली. आम्ही सगळे घरामागे त्या हौदाभोवती असताना रस्त्यावरून कोल्हापूरकडे जाणारी मोटार गेली. कुणी तिकडे पाहिलंही नाही.

रेडिएटर आधीच सोडून, उलटा करून धुतला होता. त्यातून हळदीचा चिखल निघाला. हेडाला बाक आलेला नाही ना, ते शिवाने आरशाच्या काचेवर तेलात कालवलेला शेंदूर फासून पाहिलं. हेड त्यावर टेकवलं, उचललं. सगळीकडे सारखा शेंदूर लागला होता. मग तांब्याचं पान बसवलं. मधले नट आधी, मग बाहेरचे, प्रत्येकाला थोडं थोडं, पुन्हा मधले. ‘एकदम आवळायचं न्हाई. बिचकतंय,’ शिवा म्हणाला. नवं तेल घातलं, स्वच्छ पाणी घातलं.

हॅण्डल ज्ञानूने मारलं. तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली. मागून धूर नाही. आम्ही अर्धा तास नुसते उभे राहून रेडिएटरच्या झाकणाकडे बघत होतो, जसे पहिलटकरणीच्या दाराबाहेर घरचे लोक उभे असतात. पाणी हललं नाही. शिवाने गरम इंजिनावर नट पुन्हा एकदा आवळले आणि हात पुसले.

निघताना अक्काताईने माझी ओटी भरली. पाच मुठी तांदूळ, नारळ, आणि ज्ञानूच्या नकळत आणखी दोन मुठी. मी या वेळी मागे सरकले नाही. ‘भाऊ बसला का न्हाई, त्ये सांगाय यायचं,’ तिने दम दिला. शिवाने परत आणलेली खाकी कागदावरची आकृती मास्तरांनी तिच्या हातात ठेवली; काय करणार ती तिचं कुणास ठाऊक, पण तिने ती भिंतीतल्या देवळीत ठेवली.

उत्तूरच्या पुढे रस्ता डोंगरातून उतरतो आणि मग एकदम भातखाचरं लागतात. कापणी सुरू झाली होती. आजऱ्याचा भात वासाचा. वाऱ्यावर तो वास गाडीत शिरत होता. कोल्हापूरला आम्ही हाच तांदूळ सणाला जपून शिजवतो, इथे तो मैलोगणती उभा होता. मास्तर दर दोन मैलांवर थांबून झाकणाला हात लावून बघायचे. तेही डाव्या हाताने.

आजरा

संध्याकाळी घरापुढे गाडी थांबली तशी वहिनी धावत बाहेर आली आणि मला बघून मटकन ओट्यावर बसली.

‘अगं, होतीस कुठे तू? हे तुला शोधायला कोल्हापूरला गेले!’

भाऊबीजेच्या दिवशी अण्णा सकाळपासून मोटारस्टँडवर होता. दुपारची मोटार आली, संध्याकाळची आली. चिठ्ठी कुणी दिली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टँडवर. जेवला नाही. मोटारीतल्या कुणीतरी म्हटलं की निपाणीच्या वरच्या अंगाला एक काळी गाडी वाफ सोडत उभी होती, जवळ एक जोडपं. ते ऐकल्यावर रात्रभर डोळा लागला नाही त्याला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, शाळेत कळवायचंही विसरून, तो कोल्हापूरच्या मोटारीत बसला. ज्ञानूच्या वस्तीवरून गेला तो आम्ही तांबं विझवत होतो तेव्हाच.

‘मग पत्राचं उत्तर का नाही दिलं?’ मी वहिनीला विचारलं.

‘तीन लिहिली,’ वहिनी म्हणाली. ‘तिन्ही फाडली. म्हणायचे, पाव्हण्यांना काय म्हणून लिहू? मजकूर यायचा, मायन्यावर अडायचं.’

रात्री मास्तरांना ओसरीवर झोप आली नसावी. मलाही नव्हती आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हाची छत्री घेऊन आम्ही दोघं स्टँडवर गेलो. मोटार धुळीतून आली. अण्णा शेवटी उतरला. दोन दिवसांची दाढी, चुरगळलेला कोट, हातात रिकामी पिशवी. वाटेत गाडी कुठे दिसली नाही, म्हणून थेट आमच्या कुलूप लागलेल्या दारापुढे जाऊन तो बसला होता; शेजाऱ्यांनी त्याला सांगितलं की आम्ही भाऊबीजेलाच पहाटे निघालो. मग रात्री त्यांच्याकडेच टेकला आणि पहिल्या मोटारीने परत फिरला. इतका म्हातारा तो मला कधी दिसला नव्हता.

त्याने मला पाहिलं. मग मास्तरांना पाहिलं. त्यांच्या हातावरची पट्टी पाहिली. मास्तरांनी टोपी सारखी केली.

लहानपणापासून अण्णा मला ‘तू’च म्हणतो. शाळेतून उशिरा आले की दारातच त्याचा पहिला प्रश्न असायचा, ‘जेवलीस का?’ रागावलेला असला तरी तोच.

‘जेवलात का?’ तो म्हणाला.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांना व्याकरण कळलं की नाही, माहीत नाही. ते म्हणाले, ‘नाही. तुमच्यासाठी थांबलोय.’

‘मग चला,’ अण्णा म्हणाला, आणि मास्तरांच्या भाजलेल्या हातातली छत्री त्याने काढून आपल्या हातात घेतली.

भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. तिथीचा विषय कुणी काढला नाही. अण्णाने अंघोळ केली, दाढी केली, धुवट धोतर नेसला आणि स्वतःच पाट ओढून त्यावर बसला. वहिनीने ताट माझ्या हातात दिलं. सुमन दारात उभी होती, मास्तर ओसरीवर, आत यावं की नको अशा बेताने.

माझ्या या हातांनी शेकड्यांनी मुलं जगात आणली आहेत. पण चोवीस वर्षांत त्यांनी एकदाही ओवाळलं नव्हतं. मी ताट उचललं आणि सरळ ओवाळायलाच लागले.

‘आधी कुंकू,’ अण्णा अगदी हळू म्हणाला, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात. ‘मग अक्षता. मग सुपारी.’

मी कुंकू लावलं. अक्षता टाकल्या, त्या त्याच्या भुवईवर अडकल्या. सुपारी फिरवली. मग त्याने डोळे मिटून घेतले, आणि मी निरांजन त्याच्या चेहऱ्याभोवती फिरवू लागले. त्याच्या मिटल्या पापण्यांखालून काय येत होतं, ते मी नीट पाहिलं नाही. मला ताट सरळ धरायचं होतं.